सगळीकडून बाहेर पडा

'ठेचकाळतं' हा शब्द पडद्यावर दिसला आणि चहाचा घोट नेमका दुखऱ्या दाढेच्या बाजूला गेला. आई गं, असं मोठ्यांदाच निघालं तोंडातून. शेजारच्या खुर्चीतल्या मिशीवाल्याने मान वळवली. "काय हो, दाढ?" "दाढच," मी म्हटलं आणि गालावर हात ठेवून पुन्हा वाचायला लागले. 'गाणं मध्येच ठेचकाळतं. रोज संध्याकाळी. इंटरनेट ठीक आहे, फोन नवा आहे. काय करावं?' एवढंच. नाव नाही, कारण आमच्याकडे तक्रार येते ती नाव झाकून. दिसतो तो नुसता तक्रारीचा नंबर आणि फोनचा प्रकार. लोक काय वाट्टेल ते लिहितात. गाणं अडकतं, तुटतं, गोल गोल फिरतं. एका आजोबांनी तर गाणं झोपतं असं लिहिलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. पण ठेचकाळतं? माणूस ठेचकाळतो, फार तर बैल ठेचकाळत असेल. गाणं ठेचकाळतं असं म्हणणारी माणसं या जगात तीनच होती. त्यातलं एक गेलं. एक मी. राहिली कोण ते सांगायला नको.

मी गाणी ऐकवणाऱ्या एका ॲपच्या मदत केंद्रात काम करते. मदत केंद्र म्हणजे काचेच्या इमारतीतला एक मजला, थंडगार, खिडक्या न उघडणारा, आणि त्यात भाषेभाषेची टेबलं. मराठीच्या टेबलावर आम्ही तिघं, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे दोघंच. ग्राहकाला स्वतःचं नाव सांगायचं नाही असा नियम आहे. प्रत्येक उत्तर 'नमस्कार, मी तुमची सूरसखी' असं सुरू करायचं. मीही सूरसखी आणि हा मिशीवालाही सूरसखीच. एका हाताने मिशी पिळत दुसऱ्या हाताने तो 'मी तुमची सूरसखी' टाइप करतो तेव्हा पहिल्या वर्षी मला हसू यायचं. आता येत नाही. शिवाय ॲपमधलं मराठी हेही माझ्याकडेच आहे, म्हणजे बटणांवर काय लिहायचं, चूक झाली की पट्टीवर काय दाखवायचं. माझ्या आधी कुणी तरी शब्दकोशात पडून राहिलेला माणूस हे करत असावा. एका बटणावर त्याने लिहिलं होतं, 'सर्व उपकरणांमधून निर्गमन करा'. एकच खातं घरभर, गावभर उघडलेलं असतं, ते एका दमात सगळीकडचं बंद करायचं असेल तर ते बटण. निर्गमन! मी साहेबांशी भांडून ते बदललं. 'सगळीकडून बाहेर पडा' असं केलं. मिशीवाला तेव्हा म्हणाला होता, "पण ताई, बाहेर पडायचं कुणी? फोनवाल्यानं, की दुसऱ्या कुणी?" मी म्हटलं, "ज्याला कळायचं त्याला कळतं हो. मराठी आहे ते, वकिलाची नोटीस नाही."

तर धाकटीची, माझ्या बहिणीची तक्रार. तिचीच, शंका नव्हती. आणि तिचं गाणं का ठेचकाळतं, हे अख्ख्या मजल्यावर मला एकटीला तक्रार न वाचताही माहीत होतं. कारण ते मी ठेचकाळवत होते.

हे खातं बाबांचं. कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना ॲप फुकट मिळतं म्हणून मीच काढून दिलं होतं, ते अंथरुणाला खिळले तेव्हा. आई आम्ही शाळेत असतानाच गेलेली. बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. सगळी हयात त्यांनी टाइपरायटरच्या दांड्या सरळ करण्यात घालवली आणि ज्या यंत्राची अक्षरं उडताना मध्येच अडखळत, त्याला ते 'हे ठेचकाळतंय' म्हणायचे. ते म्हणायचे म्हणून आम्ही दोघी म्हणायचो. पंखा ठेचकाळायचा, शिवणयंत्र ठेचकाळायचं, वर्गात उभं राहून कविता म्हणताना धाकटी ठेचकाळायची. टाइपरायटर संपले तसे बाबाही संपत आले. डावं अंग गेलं, बोलणं निम्मं गेलं, कान मात्र शाबूत. उशाशी टॅब टेकवून ठेवायचा, बासरी नाहीतर ती घोगऱ्या आवाजात गाणारी बाई लावून द्यायची, आणि मी ऑफिसला निघायचे. दुपारची बाई येऊन बघून जायची. संध्याकाळी मी परत आले की गाणी चालूच असायची. त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, चादर ओढून काढायची, त्यांना सांडू न देता भरवायचं. हे सगळं गाण्यावर. आणि मग मध्येच गाणं बंद पडायचं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी वैतागले. कोण आहे म्हणून बघते तर पट्टीवर माझंच मराठी: 'हे खातं दुसरीकडे सुरू आहे.' धाकटी. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली, नवरा, मुलगा, मोठी खिडकी असलेलं स्वयंपाकघर. बाबांनी तिला फोनवर हट्टानं पासवर्ड सांगितला होता, तोही एकेक अक्षर सुटं सुटं उच्चारत, माझ्यासमोर. संध्याकाळी ती स्वयंपाकाला लागली की गाणी लावायची, आणि एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं, त्यामुळे इथे बाबांचं बंद. मी म्हटलं, "थांबा, मी तिला फोन करून सांगते, तिचं वेगळं खातं काढून देते." तर बाबांनी चांगला हात वर केला. निम्म्या तोंडानं हसले. म्हणाले, "ठेचकाळलं गं. आली वाटतं."

आली वाटतं! रोज. गाणं थांबलं की त्यांचा चेहरा उजळायचा, दाराकडे बघितल्यासारखे त्या टॅबकडे बघायचे. ती तिकडे कांदा चिरत असणार, हिला कल्पनाही नसणार की इकडे एक म्हातारा आपली बासरी हिच्यासाठी सोडून देतोय. पुन्हा लावू का विचारलं तर नको म्हणायचे. "ऐकू दे तिला." तिचं ऐकून होईपर्यंत शांत पडून राहायचे आणि मी त्या शांततेत त्यांच्या टाचांना तेल चोळायचे. मी कुठून यायचे हो? मी तिथेच होते. मी सकाळी होते, संध्याकाळी होते, मलमूत्राला मी होते, ठसक्याला मी होते. घरातल्या माणसाला कोण 'आली वाटतं' म्हणतं? ते भाग्य बाहेरून येणाऱ्याचं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलून सांगण्यासारखं ते नव्हतंच. ऐकणाऱ्यानं मलाच क्षुद्र म्हटलं असतं. पण पोटात राहिलं ते राहिलं.

पुढचं सरळ आहे. बाबांना दवाखान्यात हलवलं, शुद्ध गेली, धाकटी बॅग घेऊन थेट दवाखान्यात आली. मी खाली औषधं आणायला गेले होते. परत येऊन बघते तर ही त्यांच्या पलंगावर बसलेली, हेडफोनचं एक बोंडुक त्यांच्या कानात, एक हिच्या. "ताई, बघ ना, ओठ हलवले. ऐकतायत ते." नळ्या लावलेला माणूस, डॉक्टरांनी सांगितलेलं की त्यांना बिलकूल त्रास देऊ नका, आणि ही येऊन गाणी लावते! एवढे दिवस कुठे होतीस म्हणावं तर दुखतं हिला. मी ते बोंडुक काढलं. ती म्हणाली, "तू त्यांना काही मिळूच देत नाहीस." मी. मी मिळू देत नाही. मग मी म्हणाले, "बाहेर हो. आत्ताच्या आत्ता बाहेर हो." नर्सनं वळून पाहिलं. धाकटी गेली बाहेर. बाहेरच्या बाकावर बसून राहिली, बाबा गेले तरी आत आली नाही. सगळं आटोपल्यावर बॅग उचलून जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. डॉक्टर तसंच म्हणाले होते, कुणीही जाऊन विचारावं.

बाबा गेले आणि खातं तसंच राहिलं. बंद कुणी करायचं? ॲप त्यांना वाढदिवसाला शुभेच्छा देतं, त्याही माझ्याच शब्दांत. टॅब मी कपाटात ठेवला, आणि एकदा ऑफिसातून येताना बसमध्ये सहज माझ्या फोनवर त्यांचं खातं उघडलं. बासरी लावली. थोडी वाजली आणि थांबली. 'हे खातं दुसरीकडे सुरू आहे.' बाईसाहेबांचा स्वयंपाक सुरू झाला होता. मी पुन्हा वाजव म्हटलं. म्हणजे तिकडे तिचं थांबलं असणार. हात ओले असतील तिचे, पिठाचे असतील, पुसून फोन उचलावा लागला असेल. मग माझं थांबलं. मी पुन्हा लावलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही तरी बरं वाटलं. पुढे रोजचंच झालं ते. बसमध्ये खिडकीची जागा मिळो न मिळो, पोस्टाची इमारत मागे पडली की मी अंगठा टेकवायचे. तिनं परत लावलं की मी परत. कधी तीच हरायची, कधी मी. आम्ही लहानपणी एकच पांघरूण घेऊन झोपायचो, ती तिकडून ओढायची, मी इकडून, आणि दोघीही जाग्या आहोत हे एकमेकींना कळू द्यायचं नाही असा तो खेळ होता. तसंच काहीसं. फरक एवढाच की आता मध्ये बाबा नव्हते 'पुरे गं' म्हणायला.

एकदा जिन्यात, गाणं थांबलं तेव्हा, मी चक्क बोलले, "आली वाटतं." माझ्याच आवाजानं दचकले. वरच्या मजल्यावरचे काका उतरत होते, त्यांना वाटलं त्यांनाच म्हटलं. "कोण आली?" म्हणाले. मी म्हटलं, "वीज."

आणि आता ही तक्रार. पहिल्यांदा मला रागच आला. पट्टी दिसत नाही का हिला? गाणं थांबलं की स्वच्छ मराठीत कारण लिहून येतं, मी स्वतः लिहिलंय, पोरालाही कळेल असं. पण वाचायचं नाही, समोर असलेलं बघायचं नाही, उगाच दुसऱ्याला कामाला लावायचं, हा हिचा जन्माचा स्वभाव. योग्य उत्तर तयार होतं, तयार उत्तरांच्या यादीत वरच असतं ते: खातं आणखी कुणी वापरतंय, सगळीकडून बाहेर पडा, पासवर्ड बदला. दोन मिनिटांचं काम. तिनं ते बटण दाबलं की माझ्या फोनवरचं बाबांचं खातं बंद, नवा पासवर्ड तिच्या मुठीत, आणि संध्याकाळी बसमध्ये मी आणि माझी दाढ. माझी बोटं त्या उत्तरावर गेली आणि तिथेच राहिली. मग मी दुसरंच लिहिलं. 'नमस्कार, मी तुमची सूरसखी. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. कृपया ॲपची कॅशे साफ करून पहा.' कॅशे म्हणजे ॲपमध्ये साठलेला केर, तो साफ केल्यानं हिचं काही होणार नव्हतं. घसा दुखतो म्हणणाऱ्याला नखं कापायला सांगण्यातलाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी उत्तर. 'केली साफ. तरी ठेचकाळतं. तुम्हाला काय वाटतं, कशामुळे होत असेल?' मला काय वाटतं! मी लिहिलं, बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. 'बंद केली. रोज एकाच सुमाराला होतं, मी स्वयंपाकाला लागले की. कुणी मुद्दाम करत असेल का?' हे वाचून माझे कान तापले. मुद्दाम म्हणे. तू रोज बाबांची बासरी तोडायचीस ते काय होतं मग? तेव्हा कुणी तक्रार केली? मी लिहिलं, 'अशी शक्यता नाही. ॲप काढून टाकून पुन्हा टाका.' मिशीवाल्याचं लक्ष गेलंच. "काय हो, ही कसली तक्रार इतके दिवस? द्या इकडे, उडवून टाकतो." मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा ना जरा." जो तक्रार उचलतो त्याच्याच नावावर ती मिटेपर्यंत राहते. ती माझी होती.

धाकटीनं ॲप काढलं, पुन्हा टाकलं. एवढी आज्ञाधारक ती कधीच नव्हती. लहानपणी पाणी आण म्हटलं तर तूच आण म्हणायची, आणि आता सूरसखी म्हणेल तशी हलत होती. हेडफोन बदला, बदलला. फोन बंद करून चालू करा, केला. आणि प्रत्येक वेळी खाली एखादी ओळ जास्तीची, तक्रारीशी संबंध नसलेली. 'हे गाणं माझ्या वडिलांच्या आवडीचं होतं.' 'इथे थंडी पडलीय, बोटं वळत नाहीत.' आणि एकदा, 'तुम्ही माणूस आहात की मशीन?' वरच्या झडपेतून थंड वारा मानेवर येत होता, दाढेत ठणका, आणि उत्तराच्या चौकोनात कर्सर लुकलुकत होता. काहीही लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'मी तुमची सूरसखी.'

नंतर वाटलं, पुरे. हे काय चालवलंय आपण? वय काय, करतोय काय. त्या संध्याकाळी बसमध्ये मी फोन पर्समध्ये तळाशी ठेवला आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. दुसऱ्या संध्याकाळीही. आपण गप्प बसलो की तिचं गाणं सुरळीत, तक्रार आपोआप मिटेल, हिशेब साधा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचले तर तिचा निरोप. 'दोन दिवस गाणं सलग वाजतंय. एकदाही थांबलं नाही. पण तक्रार बंद करू नका. चुकल्या-चुकल्यासारखं होतंय.'

मी उठून बाथरूममध्ये गेले. नळ सोडला आणि उगाच हात धूत राहिले. आरशात एक गाल सुजलेली बाई दिसत होती आणि ती हसत होती, दाढ दुखते म्हणून निम्मंच. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अगं मूर्ख, पट्टी वाचते ती. पहिल्या दिवसापासून वाचतेय. मी इथे बसते हे तिला ठाऊक आहे, मराठीच्या टेबलावर माणसं किती हे मीच एकदा तिला हसत हसत सांगितलं होतं. ठेचकाळतं हा शब्द तिनं चुकून नाही लिहिला. दार वाजवत होती ती इतके दिवस, आणि मी आतून तिला कॅशे साफ करायला सांगत होते!

त्या दिवशी मी काहीच उत्तर दिलं नाही. देण्याआधी नीट सुचायला हवं होतं. संध्याकाळी मात्र पोस्टाची इमारत येण्याचीही वाट पाहिली नाही, स्टॉपवरच बासरी लावली. थांबली. मी लावली. थांबली. माझ्या शेजारचा शाळकरी मुलगा माझ्या फोनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होता. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघींनी बाबांची ती बासरी नुसती कुटून काढली. घरात आल्यावर मी कपाटातून टॅब काढला, पुसला, त्यांच्या उशाच्या जागी टेकवून ठेवला. आणि काय लिहायचं ते सुचलं. सूरसखी-बिरसखी काही नाही. एकच ओळ: 'आली वाटतं?' बास. तिला कळलं असतं. उद्या सकाळी पहिलं काम ते.

सकाळी उठले तर तोंड उघडेना. गाल टम्म, कानापर्यंत कळ. आरशासमोर उभी राहून मी स्वतःला शिव्या दिल्या, इतके दिवस अंगावर काढलं म्हणून. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी कशाची वाट बघत होतात?" आणि सुई टोचली. दाढ निघता निघत नव्हती. मी छताकडे बघत मनात ती ओळ म्हणत होते, प्रश्नचिन्ह ठेवावं की नको यावर माझं माझ्याशीच चाललं होतं. बाबा प्रश्नचिन्ह लावायचे नाहीत. ते खात्रीनं म्हणायचे. मग नकोच ते, असं ठरलं, आणि दाढ आली.

घरी जा म्हणाल्या डॉक्टरीणबाई, पण मी दुपारी ऑफिसात गेले. अर्धं तोंड मेलेलं, दातांत कापसाचा बोळा. मिशीवाला मला बघून उभाच राहिला. "अहो, कशाला आलात? आणि ऐका, तुमची ती ठेचकाळणारी बाई मिटवली मी. तुम्ही नव्हता, साहेब ओरडत होते जुन्या तक्रारी पडल्यात म्हणून, त्यांनीच ती माझ्या नावावर केली. काय साधी गोष्ट हो! दुसरं कुणी तरी खातं वापरतंय. तुम्ही बिचारीला ॲप काय काढायला लावलंत, हेडफोन काय बदलायला लावलात." मी त्याला बाजूला सारून पडद्याकडे गेले. त्याचं उत्तर होतं. म्हणजे सूरसखीचं. 'नमस्कार, मी तुमची सूरसखी. एका खात्यावर एका वेळी एकाच व्यक्तीला गाणी ऐकता येतात. तुमच्यामुळे किंवा दुसऱ्यामुळे हा व्यत्यय येत आहे. कृपया सगळीकडून बाहेर पडा.' खाली तिचं.

'पडले, ताई. सगळीकडून. आता तुझं गाणं ठेचकाळणार नाही.'

"आणि गंमत बघा," मिशीवाला म्हणत होता, "मला ताई म्हणतेय! या मिशीला! पण तारे पाचच्या पाच दिलेत हं." त्याखाली तक्रार बंद झाल्याची करडी रेघ होती. बंद तक्रारीवर आमच्याकडून लिहिता येत नाही, ग्राहकानं उघडली तरच. मी त्याला काही तरी म्हणाले. काय म्हणाले मलाच कळलं नाही, ओठ हललाच नाही नीट, नुसती लाळ आली. "बोलू नका, बोलू नका, बोळा पडेल," असं म्हणून त्यानं मला खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं. चांगला माणूस आहे. त्याचा जीव घ्यावा असं मला वाटत होतं. आणि त्यानं केलं तरी काय? यादीतलं उत्तर अर्धंमुर्धं उचलून टाकलं. शब्द माझे होते. निर्गमन करा असं राहिलं असतं तर तिला हसू आलं असतं, कुठल्या तरी यंत्राचं बोलणं म्हणून तिनं सोडून दिलं असतं. बाहेर पडा. आमच्या घरात कोण असं बोलतं हे तिला चांगलं माहीत होतं.

तिचा नंबर माझ्याकडे आहे, पाठच आहे. फोन करून सांगायचं काय? की अगं ते मी नव्हते, एक मिशीवाला होता? खरं असून कुणाला खरं वाटेल हे? आणि मग ती म्हणाली असती, आणि दवाखान्यात कोण होता, तोही मिशीवाला? तरी स्टॉपवर उभी राहून मी लावला फोन. वाजत राहिला. पुन्हा लावला. दुसऱ्यांदा वाजायच्या आतच कापला गेला. बरंच झालं, मी स्वतःला म्हटलं, तोंड सुन्न आहे, बोलता कुठे येणार होतं.

बसमध्ये बासरी लावली. पोस्टाची इमारत गेली, शाळेचं मैदान गेलं, पूल गेला. बासरी चालूच. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. 'हे खातं कुठे कुठे सुरू आहे' या माझ्याच ओळीखाली आधी दोन फोन आणि एक टॅब असायचा. आता एक फोन, एक टॅब. दोन्ही माझ्याच घरचे. ते बटण न दाबता ती एकटीच बाहेर पडली होती. बासरीचा तो शेवटचा वरचा सूर मी इतक्या दिवसांत कधी ऐकलाच नव्हता, तिथवर तिनं मला पोचूच दिलं नव्हतं. तो आला, थरथरला, संपला. मग घोगऱ्या आवाजाची बाई सुरू झाली, तीही पुरी. जिना चढले, कुलूप काढलं, दिवा लावला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन ठेवून मी उभीच राहिले, तिची कांदा चिरायची वेळ उलटून जाईपर्यंत. भूल उतरायला लागली होती आणि कळ परत येत होती. गाणी एकामागून एक वाजत होती, कुठेही न अडखळता, अगदी जाहिरातीत सांगतात तशी.

मग मीच अंगठा टेकवला आणि गाणं मध्येच बंद केलं. बाबांच्या पलंगाकडे तोंड करून, जमेल तेवढं ओठ उघडून म्हणून पाहिलं, "आली वाटतं." घरात मी एकटीच होते, आणि मी काही कुठून आले नव्हते.